तोंडी ‘नाही’ ऐकून घरी येऊ नका
(अचलपूर येथील मासिक बैठकीतील भाषण)



आज वसुलीचं बोलत नाही, दाखल्याचं बोलते. समजा, गटातल्या एका विधवा बाईले संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरायचा आहे. त्याले कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा दाखला लागते. बाई विचारायले गेली. समोरचा म्हणाला, “तुह्या दिराची ओलिताची शेती आहे, तुले दाखला भेटत नाही.” बाई परत आली. चूल वेगळी, रेशनकार्ड वेगळं, दिराच्या शेतातला दाणा घरी येत नाही. पण हे तिनं कोणाले दाखवावं? अर्जच गेला नाही, तर वरच्या साहेबानं तपासावं काय?

म्हणून आधी सेवा केंद्रात अर्ज टाका अन् नंबराची पावती घ्या. महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा आहे. त्यात उत्पन्नाच्या दाखल्याले १५ दिवसांची मुदत आहे. नाकारायचं असलं तर कारण लेखी द्यावं लागते. अपील कोणाकडे, किती दिवसांत, हेही कळवावं लागते. मले या कायद्यातली हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते. “दिराची शेती आहे” हे तोंडानं म्हणणं सोपं. पण वरचा अधिकारी वाचणार, हे माहीत असताना तेच कागदावर लिहायचं म्हणजे दिराची शेती या बाईचं उत्पन्न कशी, याचा विचार करावाच लागते.

नकार आला, किंवा मुदत संपूनही उत्तर नाही, तर ३० दिवसांत पहिलं अपील करा. अधिकाऱ्याचं पद कार्यालयाच्या फलकावर असते. फलक नसला तर तो लावायले सांगा, लावणं बंधनकारक आहे. तिथं नाही जमलं तर दुसरं अपील, अन् तिसरं सेवा हक्क आयोगाकडे. त्याचं विभागीय कार्यालय आपल्या अमरावतीलेच आहे. विनाकारण अडवणाऱ्याले ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकते.

एक मात्र ऐका. उत्पन्न खरंच तीस हजार असलं, तर कोणताच साहेब एकवीस लिहून देणार नाही. दलालानं सांगितलं तरी त्याले पैसे देऊ नका.

ज्यांचे अर्ज अडकले आहेत त्यांनी पुढच्या बैठकीले पावती अन् रेशनकार्डाची झेरॉक्स आणा. अपील इथंच बसून लिहू.