अडुळसा, मिरें आणि हट्टी क्षय

पुण्याहून नाशिकच्या रस्त्यानें जाणाऱ्या प्रवाशास मीना नदीच्या कांठचें नारायणगांव लागतें. द्राक्षांचे मळे आणि टोमॅटोचा बाजार यांबद्दल या गांवाची ख्याति आहे. या मुलखांत एखाद्या बांधावर अडुळशाचें झुडूप दिसलें तर नवल नाहीं. पानें कडू, म्हणून शेळी त्याला सहसा तोंड लावीत नाहीं; आणि खोकला झाला कीं घरांतील आजीबाई प्रथम त्याच पानांकडे वळतात. या समजुतींत तथ्य किती, आणि नेहमींच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर निसर्गाजवळ कांहीं उपाय आहे काय, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

निसर्गास येथें कमी लेखण्याचें कारण नाहीं. रॉबर्ट कॉख यांनीं १८८२ सालीं क्षयाचा जंतु जगास दाखविला. पण त्यावर गुणकारी औषध हातीं येण्यास साठ वर्षें लागलीं. १९४३ सालीं अमेरिकेंत वाक्समन यांच्या प्रयोगशाळेंतील शाट्झ या विद्यार्थ्यास मातींतील एका सूक्ष्म जीवापासून स्ट्रेप्टोमायसीन मिळालें. १९५७ सालीं इटालियन संशोधकांना फ्रान्समधील मातींतून रिफामायसीन मिळालें व त्यांत फेरफार होऊन रिफाम्पिसीन निघालें. याच पुणें जिल्ह्यांत, पिंपरीस, १९५४ सालीं स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या कारखान्यांतही पुढें स्ट्रेप्टोमायसीन तयार होऊं लागलें.

मग क्षय हट्टी कां होतो? रिफाम्पिसीनला न जुमानणारा जंतु मुळांतच सुमारें दहा कोटींत एखादा असतो. पण रोग्याच्या फुफ्फुसांतील एका पोकळींतच तितके जंतु असूं शकतात. एकच औषध दिलें तर बाकीचे मरतात आणि तो एक वाढतो. म्हणून अनेक औषधें एकत्र देतात. एकापासून निसटलेल्यास दुसरें गांठतें. साधा क्षय अशा सहा महिन्यांच्या उपचारानें बरा होतो. परंतु दुसऱ्याच महिन्यांत ताप उतरतो, भूक लागते, हंगामाचें काम खोळंबलेलें असतें. रोगी गोळ्या सोडून काढ्यावर भिस्त ठेवतो. येथेंच घात होतो. उरलेले जंतु पुन्हां माजतात, औषधास न जुमानणारे त्यांत पुढें सरसावतात, आणि तोच हट्टी रोग खोकल्यावाटें घरांतील मुलांबाळांपर्यंत पोंचतो.

आतां अडुळशाकडे वळूं. त्याच्या पानांत व्हासिसीन नांवाचें द्रव्य असतें. त्यावरून रसायनज्ञांनीं ब्रोमहेक्झीन आणि अँब्रॉक्झॉल हीं कफ पातळ करणारीं औषधें बनविलीं. १९९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत या दोन्हीं औषधांनीं प्रयोगशाळेंत क्षयजंतूंची वाढ रोखल्याचें आढळलें. आजीबाईंचा तर्क अगदींच पोकळ नव्हता. पण कांचेच्या नळींतील यश आणि फुफ्फुसांतील यश यांत मोठें अंतर आहे. काढ्यानें खोकला हलका होईल, क्षय मात्र आंत तसाच राहील.

काळ्या मिऱ्याची कथा याहून पुढें गेली आहे. त्यांतील पायपेरीन स्वतः जंतु मारण्यासाठीं दिलें जात नाहीं. तें रिफाम्पिसीन शरीरांत अधिक शोषलें जाण्यास साह्य करतें. जम्मूच्या सरकारी प्रयोगशाळेनें व कॅडिला कंपनीनें मिळून अशी गोळी तयार केली आणि ती २००९ सालीं बाजारांत आली. तींत रिफाम्पिसीन नेहमींच्या ४५० मिलिग्रॅमऐवजीं २०० आणि पायपेरीन १० मिलिग्रॅम असें मोजून घातलेलें आहे. मात्र जो जंतु रिफाम्पिसीनलाच जुमानीत नाहीं, त्याच्यापुढें मिऱ्याचें कांहीं चालत नाहीं.

अशा रोग्यालाही आतां निराश होण्याचें कारण उरलेलें नाहीं. थुंकीच्या तपासणीनें रिफाम्पिसीनचा उपयोग होईल कीं नाहीं तें कांहीं तासांत कळतें. प्रयोगशाळेंत घडविलेल्या बेडाक्विलीनसह चार औषधांचा सहा महिन्यांचा उपचार भारत सरकारनें २०२४ सालीं मान्य केला आहे. पुढचें औषध कदाचित् सह्याद्रीच्या मातींतून वा बांधावरच्या झुडपांतूनही निघेल. तोंवर दोन आठवड्यांहून अधिक टिकणारा खोकला अडुळशावर न सोंपवितां दवाखान्यांत दाखवावा, आणि बरें वाटूं लागलें तरी शेवटची गोळी चुकवूं नये. आजीबाईंचा काढा जरूर असावा. परंतु डॉक्टरांस सांगून आणि गोळीच्या जोडीला, तिच्या जागीं नव्हे.