निरोप्या धुळ्याला, आपण जळगावातच

श्रोतेहो, ‘पीडब्ल्यूडी’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर डांबर, खड्डे आणि सार्वजनिक बांधकाम खातं उभं राहतं. संगणकावर लिनक्स वापरणाऱ्यांसाठी याच तीन इंग्रजी अक्षरांचा अर्थ निराळा आहे. काळ्या पडद्यावर ती टाइप केली की संगणक सांगतो, ‘तुम्ही आत्ता अमुक कप्प्यात आहात.’ या कप्प्यातून त्या कप्प्यात झटकन कसं जायचं आणि जाताना कोणती काळजी घ्यायची, हा आजचा विषय.

समजा, जळगावात घरी बसून सॉफ्टवेअरची कामं करणारी एक मुलगी आहे. तिच्याकडे तीन कामं आहेत. इथल्या एका डाळ मिलचा हिशेब, धुळ्याच्या एका शाळेची फी आणि रावेरच्या एका केळीच्या व्यापाऱ्याची वजनं. प्रत्येक कामाचा कप्पा वेगळा. त्याला डिरेक्टरी म्हणतात. कप्प्यात कप्पा, त्यात आणखी कप्पा. पाकिटावर आपण आधी गाव लिहितो, मग तालुका आणि शेवटी जिल्हा. संगणक याच्या उलट करतो. आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव आणि मधे तिरप्या रेघा. एका कामातून दुसऱ्यात जायचं तर ‘सीडी’ हा हुकूम द्यायचा आणि त्यापुढे हा सगळा लांबलचक पत्ता टाइप करायचा. दिवसातून वीस-तीस वेळा! व्यापाऱ्याचा फोन चालू असताना हे केलं की चूक ठरलेलीच.

यावर जुने उपाय आहेत. ‘सीडी’पुढे नुसतं उणे चिन्ह दिलं की बॅशसारख्या शेलमध्ये आपण आधीच्या कप्प्यात परत येतो. आता शेल म्हणजे काय? आपण टाइप केलेला हुकूम वाचून तो पार पाडणारा प्रोग्रॅम. बिल जॉय यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस लिहिलेल्या सी शेलमध्ये ‘पुशडी’ आणि ‘पॉपडी’ हे हुकूम होते. ताटावर ताट ठेवावं तसे कप्पे रचायचे आणि वरून एकेक काढत मागे यायचं. ब्रायन फॉक्स यांनी लिहिलेला बॅश शेल १९८९ साली आला. लिनक्सवर आज बहुतेक ठिकाणी तोच भेटतो आणि हे दोन्ही हुकूम त्यातही आहेत.

पण तीन कामांना तीन टोपणनावं देता आली, तर आणखी सोपं. एका फाईलमध्ये यादी करायची. ‘शाळा’ म्हणजे अमुक पत्ता, ‘डाळ’ म्हणजे तमुक पत्ता. मग शेलसाठी हुकमांची एक चिठ्ठी लिहायची, तिला स्क्रिप्ट म्हणतात. तिचं नाव ठेवायचं ‘जा’. ‘जा शाळा’ म्हटलं की काम झालं!

आपली मुलगी अशी स्क्रिप्ट लिहिते, चालवते आणि चक्रावते. तक्रार काहीच येत नाही, पण ‘पीडब्ल्यूडी’ विचारलं तर ती होती तिथेच! नवशिका इथे हमखास अडतो. स्क्रिप्ट चालवताना शेल स्वतः कुठे जात नाही, तो दुसरा एक शेल जन्माला घालतो आणि चिठ्ठी त्याच्या हाती देतो. हा निरोप्या एरंडोल, पारोळा करत धुळ्याला पोचतो, चिठ्ठी संपते आणि तो तिथेच विरून जातो. त्याने कितीही प्रवास केला तरी चिठ्ठी देणारा जळगावातच बसलेला असतो. आपल्याला धुळ्याला जायचं असेल तर आपणच उठलं पाहिजे. म्हणून ‘जा’ ही स्क्रिप्ट न ठेवता शेलचं स्वतःचं फंक्शन करायचं आणि शेल सुरू होताना जी फाईल वाचतो, त्या ‘बॅशआरसी’त ते लिहून ठेवायचं. मग शेल स्वतः जागचा हलतो.

आता काळजीची गोष्ट. यादीत नसलेलं टोपणनाव टाइप झालं तर? पत्ता रिकामा राहिला आणि ‘सीडी’पुढे काहीच नसलं, तर तो मुकाट्याने आपल्या घरच्या कप्प्यात नेऊन सोडतो. आणि पुढची ओळ ‘इथल्या जुन्या फायली पूस’ अशी असेल, तर? ‘आरएम’ हा पुसण्याचा हुकूम फाईल कचरापेटीत टाकत नाही, ती काढूनच टाकतो. शाळेच्या जुन्या पावत्यांऐवजी डाळ मिलचा चालू हिशेब जाऊ शकतो. म्हणून ‘जा’मध्ये दोन गोष्टी हव्यातच. नाव सापडलं नाही तर ‘असं ठिकाण नाही’ असं सांगून जागीच थांबायचं. आणि पोचल्यावर पूर्ण पत्ता पडद्यावर दाखवायचा. शिवाय दोन हुकूम एका ओळीत द्यायचे असतील तर मधे ‘अँड’चं चिन्ह दोनदा घालावं. त्याचा अर्थ, पहिलं जमलं तरच दुसरं कर.

टोपणनावंही जपून ठेवावीत. आपल्याकडे पाचोरा तालुक्यात पिंपळगाव हरेश्वर आहे आणि नाशिक जिल्ह्यात पिंपळगाव बसवंत. नुसतं पिंपळगाव म्हटलं तर कंडक्टरही विचारेल, कोणतं? संगणक विचारत नाही. ‘नवीन’, ‘फायनल’, ‘जुनं’ अशी नावं प्रत्येक कामात असतात, ती टोपणनावं म्हणून कामाची नाहीत. गिऱ्हाइकावरून नाव ठेवावं.

या दहा-बारा ओळींनी वेळ वाचतो, तो काही मिनिटांचाच. खरा फायदा असा की एकाचा हिशेब दुसऱ्याच्या कप्प्यात जात नाही. ज्यांनी विश्वासाने आपली वही आपल्याकडे दिली, त्यांच्यासाठी एवढं करायलाच हवं. जवळची वाट जरूर धरावी, पण स्टँडवरची पाटी वाचूनच खाली उतरावं.