दाढीचा फेस

माणूस जी गोष्ट रोज करतो, तिच्याविषयीं तो सहसा विचार करीत नाहीं. दाढी ही अशीच एक गोष्ट. सकाळच्या धांदलींत आरशासमोर उभें राहावयाचें, तोंडाला साबण फांसावयाचा, पातें फिरवावयाचें आणि गाल चुरचुरूं लागला कीं पात्याला दोष द्यावयाचा, हा क्रम असंख्य घरांतून चालतो. मग दुसरें पातें येतें, तिसरें येतें. एका वस्तऱ्यांत एकाच्या जागीं दोन आणि दोहोंच्या जागीं पांच पातीं बसतात. चुरचूर मात्र तशीच राहते. पात्याच्या आधीं जी वस्तु गालाला लागते, तिच्याकडे कोणी पाहत नाहीं. ती वस्तु म्हणजे फेस.

फेस लावावयाचा कशासाठीं? वस्तरा घसरावा म्हणून, असें बहुतेक जण सांगतील. हें उत्तर खरें आहे, पण अर्धेंच. केस कापण्याच्या कामीं खरें साहाय्य होतें तें साबणाचें नव्हे, पाण्याचें. केस हा केरॅटिन नांवाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. कोरड्या केसांत या प्रथिनाचे धागे परस्परांना घट्ट धरून असतात. पाणी आंत शिरलें कीं ही पकड सैल होते, केस किंचित् फुगतो, मऊ पडतो आणि तो कापावयास पुष्कळच कमी जोर लागतो. हें काम क्षणांत होत नाहीं. कोमट पाण्यानें दोन-तीन मिनिटें तरी दाढी भिजावी लागते. शिवाय त्वचेचा तेलकट अंश पाण्याला केसापर्यंत नीट पोंचूं देत नाहीं. साबण हा तेलकटपणा दूर करतो आणि नंतर फेसाच्या रूपानें पाणी जागच्या जागीं धरून ठेवतो. नुसतें पाणी गालावरून ओघळतें, उरलेलें वाळतें; फेसांतलें पाणी तेथेंच थांबतें. फेस म्हणजे, थोडक्यांत, उभ्या भिंतीवर टिकणारें पाणी.

हें मर्म महाराष्ट्रांतील जुन्या न्हाव्याला पुस्तकावांचून ठाऊक होतें. त्याच्या धोकटींत वस्तरा, कात्री, चिमटा, नराणी, आरसा आणि पाण्याची वाटी असे. साबण बहुधा नसे. गिऱ्हाईक ओसरीवर मांडी घालून बसलें कीं तो वाटींतलें पाणी बोटांनीं दाढीला लावी आणि चोळीत राही. गांवच्या चार बातम्या सांगून होईपर्यंत हें चोळणें चाले. न्हाव्याच्या बडबडीला लोक हंसत. परंतु त्या बडबडींतच केस भिजत होते, हें थोड्यांच्याच ध्यानांत येई. साबणाची उणीव तो वेळानें भरून काढी.

युरोपांतील न्हाव्याजवळ साबण होता. तेथें ब्रश रूढ होण्यापूर्वीं फेस हातानेंच करीत. साबणाचा गोळा आणि पितळेचें पसरट तसराळें ही न्हाव्याची सामग्री. गिऱ्हाइकाच्या गळ्याशीं नीट बसावें म्हणून तसराळ्याच्या कडेला खांच असे. सर्व्हांटिसच्या ‘डॉन किखोते’ या कादंबरीचा पहिला भाग १६०५ सालीं प्रसिद्ध झाला. तिच्यांतला वेडा वीर जें मोठें शिरस्त्राण समजून मस्तकावर धारण करतो, तें अशाच एका न्हाव्याचें तसराळें होय. अठराव्या शतकांत फ्रान्समध्यें ब्रशाचा प्रचार झाला. उत्तम ब्रश बॅजर नांवाच्या, बिळांत राहणाऱ्या प्राण्याच्या केसांचा करीत. फ्रेंच भाषेंत तो प्राणी आणि दाढीचा ब्रश या दोहोंना ‘ब्लेरो’ हें एकच नांव आहे. त्याच देशांत १७६९ सालीं झां-झाक पेरे नांवाच्या पॅरिसच्या शस्त्रकारानें स्वतःची दाढी स्वतः कशी करावी यावर सबंध पुस्तक लिहिलें. पुढें १९०३ सालीं अमेरिकेंत किंग कॅम्प जिलेट यानें बदलतां येणाऱ्या पात्यांचा वस्तरा बाजारांत आणला आणि न्हाव्याचें काम घरोघरीं गेलें. वस्तरा घरीं आला. न्हाव्याचा निवांतपणा मात्र आला नाहीं.

फेस करण्याच्या मुख्य रीती तीन. पहिली तळहाताची. डाव्या तळहातावर थोडी क्रीम घेऊन, किंवा ओला ब्रश आधीं साबणावर फिरवून, तळहाताच्या खळग्यांत तो घुसळावयाचा. या रीतीला भांडें लागत नाहीं, म्हणून प्रवासांत ती सोयीची. फेस दाट आहे कीं पातळ, हें हाताला तत्काळ कळतें. मात्र तो बोटांच्या फटींतून निसटतो आणि लवकर निवतो.

दुसरी रीत प्रत्यक्ष गालावर फेस करण्याची. ओल्या दाढीवर साबणाची कांडी घांसावयाची आणि ओल्या ब्रशानें गोल गोल फिरवीत फेस उठवावयाचा. येथें केस भिजणें आणि फेस होणें हीं दोन्ही कामें एकदम होतात. पडलेले केस उभे राहतात, त्यांच्या मुळांशीं पाणी पोंचतें. राठ, दाट दाढीला हिच्यासारखी दुसरी रीत नाहीं. परंतु ज्याची त्वचा नाजूक आहे, ज्याच्या तोंडावर पुटकुळ्या आहेत, त्याला हें घर्षण सोसत नाहीं.

अशांसाठीं तिसरी रीत, वाटींतली. रुंद तोंडाची कोणतीहि जाड वाटी चालते. ती गरम पाण्यानें आधीं शेकून घेतली तर फेस उबदार राहतो. वाटींत फेस पूर्ण तयार करून मगच तो गालावर रंग दिल्याप्रमाणें हलक्या हातानें लावावयाचा. पण फेस वाटींत होत असतां दाढी कोरडी राहूं नये. ती आधींच भिजवावी, आणि वाटींतलें काम चालू असेपर्यंत ओलीच ठेवावी. ही एक गोष्ट विसरली तर वाटींतला सुंदर फेस गालावर व्यर्थ जातो.

रीत कोणतीहि असो, मर्म एकच : साबण अगोदर भरपूर, पाणी नंतर थोडें थोडें. ब्रश भिजवून त्यांतील जास्तीचें पाणी झटकून टाकावें. साबणावर तो अर्धा मिनिट फिरवावा, म्हणजे चिकट लेपासारखें कांहीं ब्रशावर जमतें. मग थेंब थेंब पाणी घालीत घुसळावें. पहिल्यानें फेस ढेपाळ आणि निस्तेज असतो. नवशिक्या येथेंच थांबतो, कारण तो दिसावयास भरघोस दिसतो. वस्तुतः त्यांत हवा आणि साबण असतो, पाणी कमी असतें. दोन मिनिटांत तो कडेनें वाळूं लागतो. आणखी पाणी दिलें कीं बुडबुडे बारीक होत होत दिसेनासे होतात, आणि श्रीखंडासाठीं फेटलेल्या चक्क्यासारखी गुळगुळीत चकाकी येते. तोच खरा फेस. याहून पाणी जास्त झालें तर मोठाले बुडबुडे येतात आणि फेस गळूं लागतो. तेव्हां ब्रश पुन्हा साबणावर फिरवावा.

कधीं हात चुकलेला नसतो, पाणीच अडून बसतें. शाळेच्या पुस्तकांत पाण्याचे ‘सुफेन’ आणि ‘दुष्फेन’ असे भेद सांगितलेले असतात. या शब्दांतच फेस दडलेला आहे. दुष्फेन पाण्यांतले कॅल्शियमचे व मॅग्नेशियमचे क्षार साबणाशीं संयोग पावून न विरघळणारा साका तयार करतात, आणि तेवढा साबण वायां जातो. मुंबईस तलावांचें पाणी असल्यानें ही अडचण फारशी भासत नाहीं. देशावर विहिरीच्या पाण्यानें दाढी करणाराला ती पुष्कळदां भासते. उपाय सोपा आहे. साबण दुप्पट घ्यावा, किंवा दाढीपुरतें वाटीभर पावसाचें वा उकळून निवळलेलें पाणी वापरावें. पाणी उकळल्यानें कांहीं क्षार तळाशीं बसतात.

साबणासाबणांतहि भेद असतो. अंगाच्या साबणाचा फेस चटकन् उठतो आणि चटकन् बसतो. दाढीच्या साबणांत स्टिअरिक आम्लाचा अंश अधिक असतो; त्यामुळें बुडबुडे बारीक आणि टिकाऊ होतात. ग्लिसरीन फेसाला लवकर वाळूं देत नाहीं. डब्यांतून वायूच्या जोरानें निघणारा तयार फेस १९५० च्या सुमारास अमेरिकेंत प्रचारांत आला. तो वाईट नव्हे; मात्र तो घुसळावा लागत नसल्यामुळें त्याबरोबर भिजण्याचा वेळहि वगळला जातो. तो वापरणारानें तोंड आधीं नीट भिजवून घेतलें तर त्याचेंहि काम उत्तम होतें.

ब्रशाविषयीं एक सावधगिरी इतिहासानेंच शिकविली आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळांत बॅजरच्या केसांची टंचाई झाली आणि घोड्याच्या केसांचे नकली ब्रश निघाले. त्या केसांची नीट शुद्धि झालेली नव्हती. अशा नव्या ब्रशांमुळें ब्रिटनमधील व अमेरिकेंतील अनेक सैनिकांना व नागरिकांना अँथ्रॅक्स हा गुरांचा भयंकर रोग जडला आणि कांहीं दगावले. १९२० सालीं ब्रिटननें जपानांतून येणाऱ्या दाढीच्या ब्रशांची आयात बंद केली. आज शुद्ध केलेले केस व कृत्रिम तंतु मिळतात, तेव्हां ती भीति उरलेली नाहीं. तथापि ब्रश आणि पातें ज्याचें त्यानें वापरावें. काम होतांच ब्रश धुवून, झटकून, हवेशीर जागीं वाळवावा. वाटींत ओलाच पडलेला ब्रश कुजतो.

हें सारें एका सकाळच्या पांच मिनिटांसाठीं कशाला, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर घरांतच सांपडतें. अंथरुणाला खिळलेल्या वडिलांची दाढी मुलाला करावी लागते. म्हाताऱ्या माणसाची त्वचा पातळ आणि सैल असते, तिच्यावर कांडी घांसतां येत नाहीं, आणि दुखलें तरी तीं बहुधा बोलून दाखवीत नाहींत. गरम पाण्यांत पिळलेला रुमाल दोन मिनिटें गालावर ठेवावा, वाटींतला उबदार फेस हलक्या हातानें लावावा, त्वचा बोटानें ताणून पातें केसांच्या दिशेनेंच न्यावें. रोग्याला तेवढ्यानेंहि हुशारी वाटते. याच घरांत सोळा-सतरा वर्षांचा मुलगा न्हाणीघराचें दार लावून कोरड्या गालावर बापाचें पातें चोरून ओढीत असतो. त्याला लिहावयास, पोहावयास, सायकल चालवावयास कोणी तरी शिकविलेलें असतें. हें मात्र कोणी शिकवीत नाहीं. बापानें एखाद्या रविवारीं त्याला शेजारीं उभें करावें, त्याच्या हातीं त्याचा स्वतःचा ब्रश द्यावा, आणि वस्तऱ्याला हात लावण्यापूर्वीं फेस करावयास सांगावें. फेस चकाकेपर्यंत पातें उचलावयाचें नाहीं, एवढा एक नियम त्याला लागला, तरी पुढच्या पन्नास वर्षांच्या सकाळी सुखाच्या होतील.