परदेशीं विणलेलीं वेदीवरचीं वस्त्रें

पूजेला बसतांना सुती धोतर सोडून मुकटा नेसावयाचा, हा परिपाठ आपणांस ठाऊकच आहे. रेशीम सोंवळें, मग तें कोणाच्या हातचें, हें कोणी पुसत नाहीं. एकोणिसाव्या शतकांत येवल्याच्या मागांवर मुंबईमार्गें आलेलें चिनी रेशीम चढत असे, म्हणून कांहीं कोणाचें सोंवळें मोडलें नाहीं. युरोपांतील ख्रिस्ती देवळांतही हेंच घडलें, आणि तें फार मोठ्या प्रमाणावर.

मिस्साच्या वेळीं धर्मगुरु सर्वांत वर जो बिनबाह्यांचा झगा घालतो, त्याचें कापड उत्तमांत उत्तम असावें, अशी जुनी समजूत. परंतु युरोपाला रेशमाचा किडा पुष्कळ उशिरां मिळाला. हिंदुस्थानाकडून आलेल्या कांहीं संन्याशांनीं सुमारें ५५२ सालीं त्याचीं अंडीं जस्टिनियन बादशहाला आणून दिलीं, असें प्रोकोपियस हा इतिहासकार लिहितो. तरीही उंची कापड पुढें कित्येक शतकें पूर्वेकडूनच जात राहिलें.

तेराव्या शतकांत मोंगलांची सत्ता चीनपासून इराणपर्यंत पसरली आणि व्यापाऱ्यांची वाट मोकळी झाली. आठवा बोनिफेस या पोपच्या खजिन्याची १२९५ सालची यादी आहे. तींत ‘तार्तारी’ कापडांची नोंद आढळते. १३०४ सालीं पेरूजा येथें वारलेल्या अकराव्या बेनेडिक्ट पोपचीं वस्त्रें तसल्याच कापडाचीं आहेत. आपल्या जरींत चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा असतो. त्या पूर्वेकडील कापडांत मात्र सोन्याचा वर्ख कातड्याच्या वा कागदाच्या बारीक पट्टीला चिकटवून ती पट्टीच विणींत घालीत. लुक्का शहरच्या इटालियन विणकरांनीं पुढें त्यांतील नक्षीचें अनुकरण केलें, हेंही सांगितलें पाहिजे.

माझ्या मतें सर्वांत नवलाचें कापड डान्झिगचें, म्हणजे आजच्या पोलंडांतील ग्डान्स्क बंदराचें. तेथील सेंट मेरीच्या देवळांतील एका वस्त्राच्या रेशमावर सोन्याचे पोपट जोडीजोडीनें विणलेले असून अरबी अक्षरांत इजिप्तचा सुलतान नासिर याचें नांव आहे! १२९१ सालीं आक्रे शहर ख्रिस्ती सत्तेच्या हातून गेलें, तेव्हां इजिप्तच्या सुलतानाशीं व्यापार करूं नये, अशी पोपची आज्ञा निघाली होती. आणि त्याच घराण्याशीं वैर धरणाऱ्या जगांत, सुलतानाच्या गौरवाचीं अक्षरें अंगावर वागवीत धर्मगुरु वेदीसमोर उभा! तीं वाचूं शकणारा त्या गांवीं बहुधा कोणी नसावा. पण वाचतां आलीं असतीं तर झगा फाडून टाकला असता काय? मला तसें वाटत नाहीं. परक्या हाताच्या विटाळाची चर्चा करणारे सर्वच धर्मांत आहेत. पण चांगलें कापड समोर आलें कीं देवासाठीं तेंच निवडलें जातें, असा हा पुरावा सांगतो.

पुढें १९७० सालच्या रोमन मिस्सा-ग्रंथाच्या नियमांनीं त्या त्या प्रांतांतील स्थानिक कापड वापरण्याची मोकळीक दिली. जुनीं वस्त्रें पाहावयाचीं असल्यास फार दूर जावयास नको. जुन्या गोव्यांत सांता मोनिका मठांत ख्रिस्ती कलेचें संग्रहालय आहे. गोव्यास जाणाऱ्यांनीं तेथें घटकाभर थांबून कांचेआडचे भरतकामाचे टांके अवश्य न्याहाळावेत.