बिस्बी : तांब्याचे गाव



अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, मेक्सिकोच्या सरहद्दीजवळ, बिस्बी नावाचे गाव आहे. १८८० साली डोंगराच्या घळीत ते वसले. घरे उताराला चिकटलेली, घरी पोचायचे तर पायऱ्या चढाव्या लागतात. गाव जगत होते तांब्यावर आणि तांबे होते मुख्यतः फेल्प्स डॉज कंपनीचे. दवाखाना कंपनीचा, मोठे दुकान कंपनीचे, वर्तमानपत्रही तिच्याच मुठीत. आजारी पडा, उधारी करा की बातमी वाचा, धनी एकच!

१९१७ साली महायुद्धामुळे तांबे तेजीत होते. २७ जूनला कामगारांनी संप पुकारला. मागण्या काय? पाळी चालू असताना आत सुरुंग उडवू नका. भोके पाडण्याच्या यंत्रावर दोन माणसे द्या. तांब्याच्या भावाबरोबर खालीवर होणारा पगार नको, ठरलेला रोज द्या. यात क्रांती कुठे होती, ते मला तरी सापडले नाही. पण संपाच्या पुढाऱ्यांची संघटना जहाल, म्हणून संप देशद्रोही ठरला.

१२ जुलैच्या पहाटे शेरीफ हॅरी व्हीलर याची सुमारे दोन हजार हत्यारबंद माणसे, दंडाला पांढरी फीत बांधून, घरोघर शिरली. ही माणसे बाहेरून आणलेले गुंड नव्हते, हे नीट ध्यानात घ्या. दुकानदार, कारकून, संपात नसलेले कामगार. म्हणजे इथे समोर बसली आहेत तशीच गावकरी माणसे. एका घरात तर भावाने भावाला पकडले. सर्वांना बेसबॉलच्या मैदानात गोळा केले. जे नमले ते सुटले. उरलेल्या जवळजवळ १२०० जणांना, त्यांत मेक्सिकन आणि पूर्व युरोपातले पुष्कळ, गुरांच्या डब्यांत कोंबले आणि शेजारच्या न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात नेऊन सोडले. बातमी बाहेर जाऊ नये म्हणून तारऑफिसही ताब्यात घेतले होते.

राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्या आयोगाने हे कृत्य बेकायदेशीर म्हटले. पण १९२० साली सुप्रीम कोर्ट म्हणाले की, हा केंद्राचा विषय नव्हे, राज्याने पाहावे. राज्याने एकावर खटला चालवला. ज्यूरीने त्याला निर्दोष सोडले. शिक्षा कोणालाच नाही.

खाण पुढे चालतच राहिली. १९७५ साली कंपनीने काम थांबवले. कामगार पांगले, स्वस्त घरांत चित्रकार-कारागीर आले, जुन्या खाणीत प्रवासी फिरू लागले. त्या पहाटेबद्दल गावात फारसे कोणी बोलत नसे. २०१७ साली, शंभर वर्षांनी, गावकऱ्यांनीच तो दिवस भर रस्त्यात वठवला. २०१८ साली त्याचा चित्रपट निघाला. भावाला पकडणारा भाऊ आणि पकडला गेलेला भाऊ, ही दोन्ही कामे त्याच घराण्यातल्या दोघा सख्ख्या भावांनी केली आहेत.