कयाधूचे ऋण



भागवतात भक्त प्रल्हादाच्या मातेचे नाव कयाधू असे आले आहे. हिंगोली जिल्ह्याच्या मध्यातून वाहणाऱ्या नदीचे नावही तेच. वाशीम जिल्ह्यात उगम पावलेली ही नदी सेनगाव, हिंगोली आणि कळमनुरी या तालुक्यांतून वाहत जाऊन पैनगंगेला मिळते. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याच्या उत्तरेला पैनगंगा आहे आणि दक्षिणेला पूर्णा. पूर्णेवर येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणे आहेत, पैनगंगेवर इसापूर आहे. कयाधूच्या पाठीशी असे मोठे धरण नाही. आकाशातून जे पडेल आणि काठची जमीन जे धरून ठेवील, तेवढेच तिचे धन. म्हणूनच तिच्या बऱ्या-वाईट स्थितीचे उत्तरदायित्व काठच्या समाजाला दुसऱ्या कोणावर ढकलता येत नाही.

याच कयाधूच्या काठी नर्सी हे गाव आहे. संत नामदेव महाराजांचे ते जन्मस्थान. आषाढी वारी करून पंढरपुराहून परतणारे वारकरी कामिका एकादशीला नर्सीत येतात आणि ही परतवारी पूर्ण झाली की मगच घराकडे वळतात. त्या वेळी पावसाळा असतो, नदीला पाणी असते. पण तोच वारकरी चैत्र-वैशाखात आला, तर त्याला काय दिसते? अनेक ठिकाणी कोरडे पात्र, डबक्यात साचलेले सांडपाणी, काठाला अडकलेले प्लास्टिक आणि निर्माल्याचे ढीग. ज्या समाजाने नदीला माता म्हटले, त्याच समाजाच्या हातून हे घडते आहे, हे स्वीकारल्यावाचून पुढचे पाऊल पडणार नाही.

असे का झाले? श्रद्धा आटली, असे उत्तर पुष्कळदा दिले जाते. ते खरे नाही. श्रद्धा आहे, नित्याचा संबंध तुटला आहे. एके काळी पाणी भरणे, धुणे, गुरे धुणे, पोहणे, वाळवंटात कुस्ती खेळणे, संध्याकाळी चार माणसांनी काठावर टेकणे, हे सारे नदीवर होत असे. नदीत काही बिघडले की ते गावाला त्याच दिवशी कळे. घरात नळ आला, शेतात विंधन विहीर आली आणि गावाने नदीकडे पाठ फिरवली. जिथे रोज कोणी जात नाही, तिथे घाण टाकायला कोणाला संकोच वाटत नाही. नदी आधी मनातून वाहायची थांबली, मग पात्रातून.

येथे थोडे भूशास्त्र समजून घेतले पाहिजे. मराठवाड्याची भूमी काळ्या कातळाची आहे. या कातळात पाणी फार मुरत नाही. वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत जेवढे साठते, तेवढेच. पावसाळा संपल्यावर हेच साठलेले पाणी हळूहळू ओढ्या-नाल्यांतून पाझरते आणि नदी वाहती ठेवते. विहिरीचे पाणी आणि नदीचे पाणी ही दोन वेगळी पाणी नव्हेत. उपसा पुनर्भरणाच्या पुढे गेला की आधी नदी आटते, पाठोपाठ विहीर. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, ते मराठवाड्याने पाहिले आहे.

नदीसंवर्धनाचा लाभ कोणाला, या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे. हिंगोली हा हळदीचा जिल्हा. हळद मृगाच्या सुमारास जमिनीत जाते आणि माघ-फाल्गुनात निघते. आठ-नऊ महिन्यांच्या या पिकाला पावसाळा संपल्यानंतरही विहिरीचा आधार लागतो. ओढ्यात अडलेले आणि बांधाआड मुरलेले पाणी शेतकऱ्याला हा आधार देते. नदी पौषापर्यंत वाहिली, याचा अर्थ काठच्या विहिरींना तोवर पाझर होता. नदीची सेवा हा म्हणूनच परोपकार नव्हे. ते आपल्याच घराचे रक्षण आहे.

या कार्यासाठी आदर्श शोधायचा, तर तो नामदेवांच्याच वाटेवर सापडतो. नर्सीचे नामदेव पंजाबात गेले, घुमानला राहिले. त्यांची ६१ पदे श्रीगुरुग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत. २०१५ साली त्याच घुमानला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. त्याच पंजाबात काली बेईं नावाची सुमारे १६० किलोमीटर लांबीची नदी आहे. सुलतानपूर लोधी येथे तिच्याच काठी गुरू नानकदेवांना साक्षात्कार झाला, अशी श्रद्धा आहे. गावांचे आणि शहरांचे सांडपाणी पोटात घेऊन ही पवित्र नदी जलपर्णीखाली गाडली गेली होती. २००० साली संत बलबीरसिंग सीचेवाल आपल्या अनुयायांसह स्वतः पाण्यात उतरले. कारसेवेने जलपर्णी उपसली, गाळ काढला, काठावर रस्ते आणि घाट बांधले. सांडपाणी नदीत न सोडता शुद्ध करून शेतीला देण्याची साधी पद्धत त्यांनी गावोगाव रुजवली. शासनाने नदीत पाणी सोडले. २००६ साली राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम हे कार्य पाहायला तेथे गेले आणि २०१७ मध्ये सीचेवाल यांना पद्मश्री मिळाली. सांडपाण्याचा प्रश्न तेथे आजही अधूनमधून डोके वर काढतो, पण आता काठावर येणारी माणसेच त्याविरुद्ध सर्वांत आधी आवाज उठवतात.

यातील मर्म ध्यानात घेण्याजोगे आहे. घाट बांधले म्हणून नदी शुद्ध झाली नाही. पण घाटामुळे लोक पुन्हा नदीवर येऊ लागले आणि लोक आले म्हणून नदीला राखणदार मिळाला. नदीकाठचा विरंगुळा ही चैनीची बाब नाही. मुलांना पोहायला सुरक्षित डोह, वृद्धांना संध्याकाळी बसायला सावली, स्त्रियांना निर्धास्तपणे फिरता येईल अशी पायवाट, जत्रेच्या दिवसांत दोन मुलखांच्या माणसांची भेट: ही समाज जोडणारी साधने आहेत. नदीच्या पाण्यात उतरलेल्याला जात विचारली जात नाही. आणि आज मुलांना नदीवर जायला आई-बाप घाबरतात, ते उगाच नव्हे. बेसुमार वाळूउपशाने पात्रात पडलेले खड्डे पावसाळ्यात पाण्याखाली दिसत नाहीत आणि जिवावर बेततात. वाळू उपसणारा केवळ महसूल बुडवत नाही, तो मुलांची नदी हिरावून घेतो.

मात्र एक सावधगिरी आवश्यक आहे. अहमदाबादेतील साबरमतीचा काठ देखणा झाला, पण तेथील पाणी नर्मदेच्या कालव्यातून आलेले आहे. कयाधूला उसनी नर्मदा नाही. पाण्याआधी काँक्रीटचा घाट बांधला, तर तो कोरड्या पात्राकडे पाहत उभा राहील. यंत्राने पात्र खोल करणे म्हणजेही पुनरुज्जीवन नव्हे. काम माथ्यापासून पायथ्याकडे व्हावे: आधी डोंगरउतार, मग शेतबांध, मग ओढे आणि शेवटी नदी. आणि गावाचे सांडपाणी नदीच्या तोंडाशीच अडवले जावे.

या दिशेने प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. कळमनुरी तालुक्यातील 'उगम' ग्रामीण विकास संस्थेने कयाधूच्या पुनरुज्जीवनासाठी गावोगाव परिश्रम घेतले. २ ऑक्टोबर २०२२ रोजी सेवाग्रामहून प्रारंभ झालेल्या शासनाच्या 'चला जाणूया नदीला' अभियानात कयाधूचाही समावेश झाला. संघाने शताब्दीच्या निमित्ताने समाजापुढे ठेवलेल्या पंचपरिवर्तनातही पर्यावरण हा एक विषय आहे. परंतु अभियानाला मुदत असते, नदीला नसते. मुदत संपल्यावर जे उरते, ते गावाचे व्रत.

ते व्रत अगदी साधे असू शकते. आपल्या शिवारात कयाधू या वर्षी कोणत्या तिथीपर्यंत वाहिली, याची नोंद प्रत्येक गावाने मंदिराच्या किंवा ग्रामपंचायतीच्या फलकावर करावी. पुढच्या वर्षी त्याखाली दुसरी तिथी लिहावी. पाऊस कमी-अधिक होईल, तिथी मागे-पुढे सरकेल. पण दहा वर्षांच्या नोंदी गावाला आपल्या कष्टाचे आणि आळसाचेही माप अचूक सांगतील. कार्तिकात थांबणारी नदी पौषापर्यंत गेली, तर काठच्या हळदीला पाणी मिळेल आणि मुलांना डोह मिळेल. कामिका एकादशीला नर्सीत येणाऱ्या प्रत्येक वारकऱ्याने आपल्या गावची तिथी सांगावी आणि शेजारच्या गावची विचारावी. मातेची विचारपूस करण्याची ही रीत कठीण नाही.