जुन्या जीपचे बॉनेट

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाची खांदेमळणी करतो. वर्षभर जू ओढून खांदा कुठे सुजला आहे, कातडे कुठे सोलले आहे, हे त्या वेळी हाताला बरोबर कळते. बैलगाडीच्या आसाला वंगण द्यायलाही आपण विसरत नाही. मोटारीला मात्र दसऱ्याला झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवले, की आपले कर्तव्य संपले! हार ज्या बॉनेटवर घालतो, ते बॉनेट उघडून आत कोण पाहतो? म्हणून आज जुन्या जीपविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत. आपल्या धाराशिव जिल्ह्यात परंड्यापासून उमरग्यापर्यंत ज्यांच्या दारात अशी गाडी उभी असेल, त्यांनी जरा कान देऊन ऐकावे.

ही गाडी अमेरिकेतली. दुसऱ्या महायुद्धात 1941 पासून विलिज आणि फोर्ड या कारखान्यांनी ती सैन्यासाठी हजारोंनी बनवली. आपल्याकडे महिंद्र कंपनीने मुंबईत विलिज जीपची जुळणी सुरू केली. पुढे 2 ऑक्टोबर 1952 रोजी देशात समूह विकास योजना सुरू झाली, आणि साहेबांची जीप खेड्यापाड्यांतून धुरळा उडवीत हिंडू लागली.

लढाईच्या मैदानात मिस्त्री कुठून आणणार? शिपायालाच गाडी उघडता आली पाहिजे, या हिशेबाने तिची रचना झाली. बॉनेटच्या दोन बाजूंना दोन कड्या. त्या सोडायच्या, पुढची कड धरून बॉनेट उचलायचे आणि मागे काचेच्या चौकटीवर टेकवायचे. झाले! सारे इंजिन समोर उघडे.

पण इथेच पहिली सावधगिरी. गाडी सपाट जागी उभी करा, ब्रेक लावा, इंजिन बंद करून किल्ली खिशात घाला. वारा असेल तर उघडलेले बॉनेट दोरीने चौकटीला बांधा. नाहीतर ते डोक्यावर यायचे. आणि काम संपल्यावर दोन्ही कड्या घट्ट बसल्या का, ते हाताने ओढून बघा. एक कडी सुटी राहिली, तर धावत्या गाडीचे बॉनेट वाऱ्याने उचलते आणि काचेवर आदळते.

आता आत काय पाहायचे? पहिले ऑइल. जीपमध्ये ऑइल भरण्याच्या नळीच्या झाकणालाच मापाची पट्टी असते. इंजिन बंद करून थोडा वेळ जाऊ द्या, पट्टी पुसा, पुन्हा बुडवा, मग माप पाहा. खुणेच्या खाली असेल तर भर घाला. पण खुणेच्या वर मुळीच नको.

दुसरे पाणी. सोलापूरहून तुळजापूरकडे येताना बालाघाटचा चढ लागतो. चैत्र-वैशाखात त्या चढावर जुन्या गाडीच्या पाण्याला उकळी फुटायला वेळ लागत नाही. अशा वेळी घाईने रेडिएटरचे झाकण उघडू नका. आतले उकळते पाणी थेट तोंडावर उडते. गाडी सावलीत थांबवा, पुरती निवू द्या, मग जाड फडके घेऊन झाकण सावकाश फिरवा. तापल्या इंजिनात गार पाणी ओतले, तर बिडाला तडा जाण्याची भीती असते. बोअरचे जड पाणीही टाळावे. आंघोळीच्या बंबात जसा पांढरा थर बसतो, तसाच तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो.

तिसरा पंख्याचा पट्टा. दोन चाकांच्या मध्ये अंगठ्याने दाबून बघा. सुमारे एक इंच दबला तर ठीक. फार सैल असेल तर पाणी तापते आणि बॅटरीही भरत नाही. चिरा पडल्या असतील तर बदलून टाका.

चौथी बॅटरी. टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी दिसते ना? आधी बॉडीला जोडलेली तार सोडा, मग दुसरी. खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून टोके धुवा. बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो, तेव्हा तोंडात विडी घेऊन वाकणाऱ्याला दूर करा.

पाचवे, हवेची गाळणी. जुन्या जीपमध्ये तिच्या तळाशी तेल असते. हवा त्या तेलावरून जाते आणि धूळ खाली बसते. आपल्या कच्च्या रस्त्यांवर ते तेल लवकर चिखलासारखे होते. धुळीच्या दिवसांत ते वरचेवर बदलावे; नाहीतर तीच माती इंजिनात जाऊन सिलिंडर घासते.

या पाच गोष्टींना दहा मिनिटे पुरतात, आणि एवढे घरच्या माणसाने करावे. व्हॉल्वचे अंतर, कार्बोरेटर, ब्रेक हे जाणत्या मिस्त्रीचे काम. त्यात हात घालू नये.

शिक्षक बंधू-भगिनींनो, दोन शब्द आपल्यासाठी. 1953 साली निघालेल्या सी. जे. थ्री बी जीपचे बॉनेट आधीच्या जीपपेक्षा उंच आहे. का बरे? जुन्या इंजिनात सगळे व्हॉल्व बाजूला, ठोकळ्यात होते. नव्या इंजिनात हवा आत घेणारे व्हॉल्व वर, माथ्यात बसवले. इंजिन उंच झाले, म्हणून बॉनेटही उंच करावे लागले. मुलांना अशी गाडी उघडून दाखवा आणि हा प्रश्न त्यांनाच विचारा. बंद झाकणाखाली पाणी शंभर अंशांच्या पुढे का तापते, हेही तिथेच समजते. मात्र इंजिन बंद हवे, आणि ओढण्या, सैल बाह्या पंख्यापासून लांब.

आजच्या मोटारीचे बॉनेट उघडले तर वर प्लॅस्टिकचे आवरण दिसते, आणि बिघाड शोधायला संगणक जोडावा लागतो. त्या गाड्या आपल्या जागी चांगल्याच आहेत. पण जुन्या गाडीचे आयुष्य मालकाच्या नजरेवर चालते. खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनी नवी करून घ्यावी लागते, आणि पुढे दर 5 वर्षांनी. त्या तपासणीच्या आदल्या रात्री धावपळ करून गाडी सुधारत नाही.

आणि तपासणीचे राहू द्या. वस्तीवरच्या बाळंतिणीला रात्री तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचे असते, दारात एकच गाडी असते, आणि ती सुरू होत नाही! त्या वेळी मिस्त्री मिळत नाही. आठवड्यातून दहा मिनिटे बॉनेट उघडले असते, तर सैल पट्टा किंवा बॅटरीवरची भुकटी आधीच दिसली असती. तेव्हा येत्या बाजाराच्या दिवशी, गाडी बाहेर काढण्याआधी, त्या दोन कड्या सोडून पाहा.